एकच माइक, खोलीतही आणि रानातही? चार माइक वापरून जे कळलं ते

गेले सात-आठ महिने माझ्याकडे आलटून पालटून चार माइक आहेत. सेनहायझरचा एमकेएच ४१६, त्याच कंपनीचा बोटाएवढा एमकेएच ८०५०, रोड कंपनीचा एनटीजी५ आणि रोडचाच काळा एनटी१. दोन माझे, दोन मित्रांकडून मागून आणलेले. काम दोन प्रकारचं, एक म्हणजे घरातल्या छोट्या खोलीत निवेदन, वाचन, मधूनच एखादं वाद्य, आणि दुसरं रात्री किंवा पहाटे बाहेर पडून पक्षी, बेडूक, रातकिडे, पाऊस जे मिळेल ते. या दोन्हीला चालेल असा एकच डायरेक्शनल (एका दिशेचं जास्त ऐकणारा) माइक घ्यायचा असेल तर कुठला, एवढाच माझा प्रश्न होता आणि कुणालाही विचारलं तरी उत्तर ठरलेलं, शॉटगन (लांब नळीचा माइक, माझ्याकडच्यातले ४१६ आणि एनटीजी५) घे, लांबचं ओढतो. आता इतके दिवस वापरल्यावर माझं मत वेगळं झालंय आणि ते का झालं ते जरा नीट सांगते.

आधी ४१६. हा माइक १९७० च्या दशकापासून जवळपास तसाच बनतोय आणि सिनेमा, डॉक्युमेंटरी, निवेदन सगळीकडे त्याचं नाव आहे. २५ सेंटिमीटर लांब, १६५ ग्रॅम, धातूची नळी, हातात घेतला की कळतं हा टिकणार. आवाज कसा, तर माणसाचा आवाज असा पुढं येऊन उभा राहतो. व्यंजनं स्वच्छ, स, श, त, ट सगळं कापल्यासारखं स्पष्ट, मागं संगीत असलं तरी शब्द बुडत नाही, आणि जवळून बोललं तर छातीतला भरदारपणा पण येतो. जाड गाद्या लावलेल्या, नीट तयार केलेल्या बूथमध्ये मी एकदा त्याच्यासमोर बसले होते आणि तिथून बाहेर पडताना हाच घ्यायचा असं पक्कं ठरवलं होतं. मग तो घरी आणला.

घरची खोली साधारण ३ बाय साडेतीन मीटर, एका भिंतीला पुस्तकं, एका बाजूला जाड पडदा, छत मात्र मोकळं. तिथं तोच माइक, तोच आवाज, तेवढंच अंतर आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर आवाजाला एक विचित्र पोकळ, डब्यातून आल्यासारखा वास. (वास हाच शब्द बरोबर आहे, कारण तो सगळीकडे पसरलेला असतो आणि एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही.) मान जरा डावीकडे वळवली की रंग बदलायचा, कागद बघायला खाली वाकलं की अजून वेगळा. ईक्यू (आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करणं) करून करून थकले. एक वाक्य ठीक केलं की पुढचं बिघडलेलं.

हे का होतं ते समजून घेतल्याशिवाय शॉटगनवर खर्च करूच नये असं मला वाटतं, म्हणून थोडं भौतिकशास्त्र. शॉटगनच्या पुढच्या नळीला बाजूनं फटी असतात. समोरून येणारा आवाज नळीच्या तोंडातून आणि फटींतून आत जातो तेव्हा सगळे तुकडे कॅप्सूलपाशी (आवाज पकडणाऱ्या पडद्यापाशी) एकाच वेळी पोहोचतात आणि मिळून मोठे होतात. बाजूनं येणारा आवाज मात्र वेगवेगळ्या फटींतून शिरून कमीजास्त अंतर कापून येतो, मग काही तुकडे एकमेकांना मारतात. म्हणजे शॉटगन समोरचं ओढत वगैरे काही नाही, तो बाजूचं मारतो. आणि मारण्यासाठी नळीची लांबी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या हिशेबात पुरेशी हवी. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे १ किलोहर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर आणि १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. २५ सेंटिमीटरच्या माइकमध्ये नळी त्याहूनही कमी, तेव्हा तिचा खरा परिणाम साधारण २ किलोहर्ट्झच्या वरच दिसायला लागतो. त्याच्या खाली शॉटगन म्हणजे नळीच्या टोकाला बसवलेला एक सुपरकार्डिऑइड (समोरचं जास्त, बाजूचं कमी ऐकणारा बिननळीचा माइक), बाकी काही नाही.

आता खोलीत काय होतं बघा. तुमचा आवाज छतावर, टेबलावर, भिंतीवर आपटून बाजूनं परत माइककडे येतो. खालच्या फ्रिक्वेन्सी जवळपास तशाच आत शिरतात, वरच्या मात्र नळीत कुठं मार खातात, कुठं वाचतात, आणि प्रत्येक कोनाला हा हिशेब वेगळा. मोकळ्या मैदानात हे प्रतिध्वनी नसतातच, म्हणून तिथं शॉटगन छान वाटतो. गाद्या लावलेल्या बूथमध्येही ते मेलेले असतात. साध्या खोलीत, त्यातही छत कमी उंचीचं असेल तर, हाच माइक तुमच्या खोलीची सगळी दुखणी रंगवून दाखवतो. यात ४१६ चा दोष नाही, कुठलाही छोटा शॉटगन हेच करणार, एनटीजी५ नं पण केलं, फक्त त्याचा बाजूचा रंग मला जरा सौम्य वाटला.

मग ८०५० लावला. हा सुपरकार्डिऑइड, नळी नाही, एक्सएलआरचा (केबल जोडायचा) भाग धरून साडेसात सेंटिमीटर. पहिल्यांदा ऐकला तेव्हा थोडी निराशाच झाली खरं तर, कारण ४१६ सारखा तो आवाज पुढं ढकलत नाही, साधा सरळ, जे आहे ते. पण मान वळवली, वाकले, उठून खुर्ची सरकवली, आवाज लहानमोठा झाला, रंग तोच राहिला. खोली ऐकू येत होती, नाही असं नाही, पण ती खोलीसारखी ऐकू येत होती, डब्यासारखी नाही. दोन तास रेकॉर्ड केलेलं निवेदन एकसारखं असणं ही काय चीज आहे हे ज्यांनी एडिट केलंय त्यांनाच कळेल.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, माझ्याही आली नव्हती. डायरेक्शनल माइक कुठं बघतोय यापेक्षा त्याला कुठं ऐकू येत नाही हे जास्त कामाचं. कार्डिऑइडची (समोरचा रुंद भाग ऐकणाऱ्या, सगळ्यात साध्या डायरेक्शनल माइकची) बहिरी जागा बरोबर पाठीमागं, १८० अंशाला. सुपरकार्डिऑइडची तशी नाही, त्याची बहिरी जागा समोरपासून साधारण १२६ अंशावर, म्हणजे मागं पण तिरकी, आणि बरोबर पाठीमागं त्याला थोडं ऐकू येतं, समोरच्यापेक्षा साधारण ११ डीबी (डेसिबल) कमी. हायपरकार्डिऑइडला (समोर अजून अरुंद ऐकणाऱ्याला) ती जागा ११० अंशाच्या आसपास आणि पाठीमागून मात्र फक्त ६ डीबी कमी. म्हणजे सुपरकार्डिऑइड लावून लॅपटॉप त्याच्या अगदी पाठीशी ठेवला तर पंखा ऐकू येणारच! मी लॅपटॉप टेबलाच्या कडेला, तिरका मागं नेला आणि नुसत्या त्या एका बदलानं घरघर जवळपास गेली. माइक वरून खाली तिरका लावला तर बहिरी जागा छताकडे पण वळवता येते. यात फुकटात मिळणारं इतकं आहे की नवीन माइक घ्यायच्या आधी हे करून बघाच.

एनटी१ खोलीत कसा, तर गोड, भरलेला, पण कार्डिऑइड असल्यानं खोली जास्त घेतो आणि जवळ गेलं की खालचा बास फुगतो. एकट्या आवाजासाठी, पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) लावून १५-२० सेंटिमीटरवरून, छानच. वाद्याला सुद्धा. पण अंगानं मोठा, कॅमेऱ्यासमोर लपवता येत नाही, आणि समोरच्या टोकात नाही तर बाजूनं बोलायचं असतं, त्यामुळं बूमवर (लांब काठीवर) वगैरे विसरा.

आता बाहेरचं, जे मला जास्त जवळचं आहे आणि जिथं माझे सगळे समज उलटे झाले.

पहिली रात्र तळ्याकाठी ४१६ घेऊन गेले. बेडूक आणि रातकिडे भरपूर, सगळं दणदणीत आलं, खूश. नंतर एकदा पहाटे चारच्या सुमाराला गेले तेव्हा किडे गप्प झाले होते, वारा शून्य, खूप लांबून एक घुबड मधूनच हुंकारत होतं. गेन (रेकॉर्डरवर आवाज वाढवायची पातळी) वाढवला आणि हेडफोनमध्ये घुबडाच्या आधी ऐकू आली ती हिस्स. बारीक, सलग, पाण्याच्या नळासारखी. आधी वाटलं केबल, मग वाटलं रेकॉर्डर, दोन्ही बदलून पाहिलं. ती माइकची स्वतःची होती.

याला सेल्फ नॉइज म्हणतात आणि निसर्गासाठी माइक घेताना माझ्या मते हा आकडा सगळ्यात आधी बघावा, पोलर पॅटर्नच्याही (कुठल्या दिशेचं किती ऐकतो त्याच्याही) आधी. माइकसमोर पूर्ण शांतता असली तरी त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळं जेवढा आवाज आल्यासारखा वाटतो तो हा आकडा, डीबीए (कानाला जसं ऐकू येतं तसे मोजलेले डेसिबल) मध्ये. ४१६ चा १३, ८०५० चा पण १३, एनटीजी५ चा १०, काळ्या एनटी१ चा ४.५. रोडचाच स्वस्तातला एनटीजी२ १८ वर आहे, ऑडिओ-टेक्निकाचा एटी८७५आर २० वर. माणसाच्या बोलण्यासाठी २० सुद्धा चालतं कारण एक मीटरवरचं साधं बोलणं ६० डीबीच्या आसपास असतं, त्याच्याखाली हिस्स बुडून जाते. पण खरोखर शांत रानात पहाटेची पातळी २० डीबीए किंवा त्याहून खाली जाऊ शकते, म्हणजे २० वाला माइक त्या शांततेएवढाच आवाज स्वतः करतोय. तुम्ही शांतता रेकॉर्ड करायला गेलात आणि माइक रेकॉर्ड करून आलात असं होतं.

अंतराचा हिशेब पण करून बघा, मजा येते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीनं उतरतो. एखादा पक्षी १ मीटरवर ८० डीबीनं गात असेल तर १०० मीटरवर ४० डीबी उरतात, झाडंझुडपं मध्ये आली तर अजून कमी. आता एनटी१ आणि ४१६ मधला सेल्फ नॉइजचा फरक साडेआठ डीबी. हे अंतराच्या भाषेत सांगायचं तर, जिथं माइकची हिस्स हाच अडथळा आहे तिथं, एनटी१ लावणं म्हणजे पक्ष्याच्या अडीच पटीहून जास्त जवळ जाऊन बसणं. आणि डायरेक्शनल असण्यानं काय मिळतं? सगळीकडून सारखा गोंगाट येतोय असं धरलं तर ओम्नी (सगळीकडून सारखं ऐकणारा) माइक १ मीटरवर जे देतो ते कार्डिऑइड १.७ मीटरवरून देतो, सुपरकार्डिऑइड १.९ वरून, हायपर २ वरून. म्हणजे कार्डिऑइडवरून सुपरकार्डिऑइडवर गेल्याचा फायदा जेमतेम दहा-बारा टक्के! हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा परत परत तपासलं. शांत जागेत ‘लांबचा’ माइक म्हणजे कमी आवाज करणारा माइक. त्या पहाटेचं घुबड मला शेवटी मिळालं ते एनटी१ वर, ज्याला कुणीही लांबचा माइक म्हणत नाही.

पण जागा शांत नसेल तेव्हा गणित फिरतं, आणि खरं सांगायचं तर आता पूर्ण शांत जागा मिळतात कुठं. दोन किलोमीटरवर मोठा रस्ता असला तरी रात्रभर एक घूं घूं चालू असते. तिथं माइकची हिस्स दुय्यम, रस्ता मुख्य शत्रू, मग दिशा कामी येते. फक्त परत तेच, रस्त्याचा गोंगाट बहुतेक १ किलोहर्ट्झच्या खालचा, आणि छोट्या शॉटगनची नळी तिथं कामच करत नाही. म्हणजे ज्या आवाजासाठी लोक शॉटगन घेतात तोच आवाज तो आत सोडतो. उपाय काय, तर माइक पक्ष्याकडे रोखत बसण्यापेक्षा त्याची बहिरी जागा रस्त्याकडे वळवा. एका तळ्याला मी दोन जागा बदलून अशी जागा शोधली की पाणथळ माझ्या समोर आणि रस्ता तिरका मागं, १२५-१३० अंशावर. सुपरकार्डिऑइडनं रस्ता इतका दाबला की वर थोडा लो-कट (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावल्यावर तो शोधावा लागत होता. किड्यांच्या वरच्या पट्टीत मात्र शॉटगनचा फरक स्पष्ट जाणवतो, बाजूच्या झुडपातला किडा कमी आणि समोरचा छोटा पक्षी जास्त हवा असेल तर एनटीजी५ नं ते काम चोख केलं. त्याचं वजन फक्त ७६ ग्रॅम आणि लांबी २० सेंटिमीटर, हातात धरून झाडाखाली अर्धा तास उभं राहायचं असेल तेव्हा ४१६ च्या निम्म्याहून कमी वजन म्हणजे काय ते मनगटाला विचारा.

स्पेसिफिकेशन वाचताना एक सावधगिरी. सेल्फ नॉइज दोन पद्धतींनी छापतात, एक ए-वेटेड (वरचा डीबीए तो हाच) आणि दुसरी सीसीआयआर (मोजायची वेगळी पद्धत). एकाच माइकचा दुसऱ्या पद्धतीचा आकडा साधारण १०-११ नं जास्त येतो, जसं ४१६ चा १३ आणि २४. कुठं सिग्नल-टू-नॉइज रेशो दिलेला असतो, तर तो ९४ मधून वजा करायचा, ८१ लिहिलं असेल तर सेल्फ नॉइज १३. आणि जिथं यातलं काहीच छापलेलं नाही, नुसतं ‘क्रिस्टल क्लिअर’ वगैरे लिहिलंय, तो माइक बाहेर नेण्यासाठी घेऊ नका. ‘इतक्या मीटरपर्यंत रेंज’ असं लिहिलेलं असेल तर तर नकोच, माइकला रेंज नसते.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच आवाजाला (दाब पास्कलमध्ये मोजतात) माइक किती व्होल्टेज देतो. ४१६ चा २५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, ८०५० चा २०, एनटी१ चा ३५. तुलनेला श्युअरचा एसएम७बी घ्या, निवेदनात सगळ्यांचा लाडका, खोली कमी घेतो, त्याचा १.१२. म्हणजे ४१६ त्याच्या बावीस पट जास्त व्होल्टेज देतो. तोंडाजवळ ठेवून बोलायला एसएम७बी उत्तमच आहे, पण तोच तळ्याकाठी नेला तर प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा रेकॉर्डरचा भाग) इतका वर न्यावा लागेल की त्याचीच सरसर ऐकू येईल. निसर्गासाठी डायनॅमिक (एसएम७बी सारखा) नको ते याच्यासाठी.

रेकॉर्डरबद्दल थोडक्यात. प्रीअँपचा स्वतःचा नॉइज ईआयएन म्हणून छापतात, -१२७ डीबीयू (आकडा जितका खाली तितका शांत) असला की छान, झूम एफ३ वगैरे रेकॉर्डर तिथं आहेत. ढोबळ हिशेबानं ४१६ ची स्वतःची हिस्सच -१११ च्या आसपास असते, म्हणजे त्याच्यासाठी -१२० वालं साधं रेकॉर्डर पण पुरतं, फरक अर्धा डीबी. एनटी१ इतका शांत आहे की त्याची हिस्स -११६ ला येते, तिथं साध्या रेकॉर्डरनं दीड डीबी वाढते. शांत माइक घेतला की रेकॉर्डर उघडा पडतो असा हा प्रकार. आणि ३२-बिट फ्लोटनं (रेकॉर्ड करायचा एक प्रकार) हिस्स कमी होते हा गैरसमज सोडून द्या, त्यानं क्लिपिंगची (मोठा आवाज फाटण्याची) भीती जाते, अचानक वीज कडाडली तरी रेकॉर्डिंग वाचतं, पण हिस्स एका डीबीनंही कमी होत नाही. माइकमध्ये जी आहे ती आहे.

आता दमटपणा. माझ्याकडं आधी एक साधा छोटा कंडेन्सर होता, नाव घेत नाही. धुक्याच्या पहाटे पाऊण तास उत्तम चालला आणि मग कढईत काहीतरी तडतडावं तसा तड, तडतड, तड. घरी आणून सुकवला, परत ठणठणीत. पुढच्या धुक्यात परत तेच. साध्या कंडेन्सरच्या कॅप्सूलवर विद्युतभार असतो आणि तो प्रचंड मोठ्या इम्पिडन्सच्या (विद्युत अडथळ्याच्या) सर्किटला जोडलेला असतो, ओल्या हवेचा अगदी पातळ थर जरी बसला तरी तिथून गळती होते आणि तीच तडतड. ४१६, ८०५० आणि एनटीजी५ तिन्ही आरएफ पद्धतीचे आहेत, म्हणजे कॅप्सूल उच्च फ्रिक्वेन्सीच्या सर्किटचा भाग असतो आणि तिथला इम्पिडन्स कमी, त्यामुळं दमट हवेचा त्यांना फारसा फरक पडत नाही. मी ८०५० पावसानंतरच्या रानात पूर्ण रात्र ठेवलाय, सकाळी ब्लिंपच्या (माइकभोवतीच्या वारा अडवणाऱ्या पिंजऱ्याच्या) केसांवर दव साचलं होतं, आतला माइक शेवटच्या मिनिटापर्यंत स्वच्छ. एनटी१ आरएफ नाही. त्याला मी धुक्यात नेतच नाही, आणि नेलाच तर बाहेरच्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत पिशवीतून काढत नाही, कारण थंड माइक उबदार ओल्या हवेत आणला की आत दव धरतं. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवते. एवढं केलं की त्यानं आतापर्यंत त्रास दिलेला नाही.

वाऱ्याबद्दल मात्र सगळ्यांनी मनाची तयारी करूनच यावं. माइक जितका डायरेक्शनल तितका वाऱ्याला हळवा, ओम्नीपेक्षा कितीतरी जास्त, कारण तो पुढच्या-मागच्या दाबातला फरक मोजतो आणि वारा म्हणजे दाबाची नुसती धांदल. सोबत येणारा काळा फोम खोलीत फुंकरीसाठी ठीक, बाहेर त्याचा उपयोग जवळपास शून्य. आत सस्पेन्शन (धक्के शोषणारी पकड), बाहेर जाळीचा ब्लिंप, त्यावर लांब केसांचं फर, हे तिन्ही लागतं. माइक घेताना याचा खर्च आधीच बाजूला काढा. मी पहिल्या वेळी नाही काढला आणि दोन महिने फक्त बिनवाऱ्याच्या दिवसांची वाट बघत बसले. रबर बँडवालं सस्पेन्शन काही दिवसांनी सैल पडतं, रायकोटच्या लायर प्रकारचं प्लॅस्टिकचं टिकतं आणि हाताचा, केबलचा खडखडाट पण चांगला अडवतं. ८०५० छोटा म्हणून त्याचा ब्लिंप पण छोटा, पिशवीत मावतो. ४१६ चा ब्लिंप म्हणजे एक वेगळं सामानच.

अजून एक सवय लागली ती सांगते. माइक तिपाईवर ठेवून १० मीटरची केबल टाकून लांब जाऊन बसायचं. आपला श्वास, जॅकेटची सळसळ, पोटातली गुडगुड, सगळं शांत माइकला ऐकू जातं. आणि माणूस दूर गेला की दहा-पंधरा मिनिटांत पक्षी पण जवळ येतात. कुठलीही नळी एवढी मदत करत नाही.

सगळं वातावरण घ्यायचं असेल, म्हणजे पहाटेचा पूर्ण कोरस, पाऊस, ओढा, तर एकटा शॉटगन लावूच नका, ते भोकातून बघितल्यासारखं वाटतं. दोन माइक हवेत. दोन कार्डिऑइड १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशाच्या कोनात, ज्याला ओआरटीएफ म्हणतात, ते मला सगळ्यात नैसर्गिक वाटलं. अशा पद्धतीनं केलेलं एका पावसाचं रेकॉर्डिंग मी अजून झोपताना ऐकते. दुसरा रस्ता एमएस, म्हणजे समोर एक डायरेक्शनल माइक आणि त्याला काटकोनात एक फिगर-एट (दोन विरुद्ध बाजूंचं ऐकणारा माइक), नंतर घरी बसून रुंदी कमीजास्त करता येते आणि दोन्ही एकाच ब्लिंपमध्ये मावतात. एकाच पक्ष्याचा आवाज अगदी जवळून हवा असेल तर पॅराबोला, ती खोलगट थाळी. तिला पण लांबीरुंदीचा तोच नियम, ६० सेंटिमीटरची थाळी साधारण ६०० हर्ट्झच्या वर कामाला लागते, तेव्हा चिवचिवणाऱ्यांना उत्तम आणि खर्जातल्या घुबडाला जवळपास निरुपयोगी. पक्ष्याचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं रेकॉर्डिंग १८८९ सालचं, लुडविग कोख या लहान मुलानं मेणाच्या सिलिंडरवर केलेलं, आणि तो पक्षी होता आपला श्यामा, पिंजऱ्यातला. म्हणजे अंतराचा प्रश्नच नव्हता. मोकळ्या पक्ष्याच्या मागं लागल्यापासून सगळी कटकट सुरू झाली.

तर मी काय ठेवलं. एकच माइक ठेवायचा झाला तर ८०५०. खोलीत तो खरं बोलतो, बाहेर दमटपणाला दाद देत नाही, बहिरी जागा वापरून बरंच काही साधता येतं, आणि पिशवीत जागा खात नाही. त्याच्याबद्दल तक्रार एकच, १३ चा सेल्फ नॉइज अगदी शांत पहाटेला कमी पडतो, म्हणून एनटी१ पण ठेवलाय, कोरड्या शांत रात्रींसाठी आणि घरात गाण्यासाठी. ४१६ मी परत दिला, मनापासून आवडत असून. ज्यांच्याकडे नीट गादी लावलेला बूथ आहे आणि निवेदन हेच मुख्य काम आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावा. एनटीजी५ पण परत गेला, पण कॅमेऱ्याबरोबर फिरून बाहेरच शूट करणाऱ्याला मी ८०५० च्या आधी तोच सुचवेन, १० चा सेल्फ नॉइज आणि ते वजन बघता. ज्यांचं बजेट यातल्या कशालाच पुरत नाही त्यांनी एनटी१ पासून सुरुवात करावी, अठरा-वीस सेल्फ नॉइजचा स्वस्त शॉटगन रानासाठी घेऊ नये, पैसे वाचत नाहीत, पुढं ढकलले जातात.

जुना माइक घेणार असाल, आणि हे माइक वर्षानुवर्षं टिकतात त्यामुळं जुना घेण्यात काही चूक नाही, तर जाताना स्वतःचा रेकॉर्डर आणि पूर्ण कान झाकणारे हेडफोन घेऊन जा. माइक जाड पांघरुणात गुंडाळून कपाटात ठेवायचा, दार बंद, ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधून माइकला मिळणारी वीज) चालू, गेन वर, आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. सलग सरसर चालेल, ती आकड्याप्रमाणं असणारच, पण मधूनच तड किंवा घुर्र आलं तर विचार करा. मग बाहेर काढून एकाच आवाजात बोलत त्याच्याभोवती पूर्ण गोल फिरायचं. समोर कसा वाजतो ते विकणारा दाखवेलच, तुम्ही बाजूला आणि तिरकं मागं उभं राहून ऐका.